सहाध्यायाची वार्ता

पदवी घेऊन चाळीस-पन्नास वर्षे झालेल्या तुकडीतली माणसे एकमेकांना जे कळवतात, त्याचे विषय मोजके असतात. नातवंडाचे बारसे, मुलाचा परदेशातला मुक्काम, पुनर्विकासाला दिलेले घर, मोतीबिंदू, गुडघ्याची शस्त्रक्रिया, हृदयात बसवलेला स्टेंट, जोडीदाराचे दुखणे आणि अधूनमधून हार घातलेला एखादा फोटो. पूर्वी ही खबर लग्नकार्यात किंवा पोस्टकार्डावर मिळे. आता ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि वर्षाकाठी होणाऱ्या स्नेहमेळाव्यात मिळते. निवृत्तांचा विरंगुळा म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. तिच्यामागचा प्रश्न मात्र विरंगुळ्याचा नाही. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही, सोयरीक नाही, शेजार नाही आणि देण्याघेण्याचा व्यवहारही उरलेला नाही, अशा माणसाचे बरेवाईट कानावर आले, तर ऐकणाऱ्यावर काही बंधन येते का? येत असेल तर कशामुळे? तीन-चार वर्षे एका वर्गात बसणे हा तर प्रवेशयादीने घडवलेला योगायोग.

धर्मशास्त्राने या प्रश्नाला दोन ठिकाणी उत्तर दिले आहे आणि दोन्ही ठिकाणी ते नेमके आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आशौचाचे, म्हणजे सुतकाचे नियम आहेत. सपिंडाचे सुतक दहा दिवसांचे, आचार्याचे तीन दिवसांचे; त्याच ओघात सहाध्यायाच्या मृत्यूचे सुतक एक दिवसाचे सांगितले आहे. दूरदेशी वारलेल्या आप्ताची खबर उशिरा आली तर काय करायचे, हेही तिथेच येते. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळायचे, त्यानंतर कळले तर तीन दिवस, आणि वर्ष उलटून गेल्यावर कळले तर नुसते स्नान. मृत्यू घडणे आणि मृत्यू कळणे या दोन गोष्टी शास्त्राने वेगळ्या धरल्या आणि कळण्यालाही स्वतःचे कर्तव्य जोडून दिले. खबर ऐकणे ही त्या दृष्टीने एक कृती आहे. ती ऐकून माणूस पूर्वीसारखा राहत नाही.

दुसरे ठिकाण वारसाहक्काचे. याज्ञवल्क्यस्मृतीत निपुत्रिकाच्या मिळकतीचे वारस क्रमाने दिले आहेत: पत्नी, मुली, आईवडील, भाऊ, भावांचे मुलगे, गोत्रज, बंधू, शिष्य आणि सर्वांत शेवटी सहाध्यायी. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तिच्या आधारे हा क्रम महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात कायदा म्हणून चालला आणि इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही तो मानला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने शिष्य आणि सहाध्यायी दोघेही यादीतून गेले. आता दूरचे रक्तसंबंधीही नसतील तर मिळकत सरकारजमा होते.

यादीतले शेवटचे स्थान हा उपेक्षेचा पुरावा वाटेल. पण वय वाढू लागले की ही यादी वरून रिकामी होत जाते. आईवडील जातात, भावंडे जातात, जोडीदार जातो, पुतणे-भाचे आपापल्या संसारात दूर असतात. मुलांनी बापाला बाप झाल्यावरच पाहिलेले असते. विशीत तो कसा होता, कोणत्या विषयात गटांगळी खाल्ली, कोणासाठी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर थांबत असे, पुढे काय व्हायचे म्हणत होता, याचे साक्षीदार सत्तरीत घरात कोणी उरत नाहीत. ते असतात जुन्या वर्गात. स्मृतिकारांच्या मनात हे होते असा दावा करता येणार नाही. मात्र त्यांची यादी आयुष्याच्या उतरणीला लावून पाहिली, की सर्वांत दूरचे नाते हळूहळू पुढे कसे सरकते ते स्पष्ट दिसते.

या नात्याविरुद्धची सर्वांत भक्कम बाजू महाभारताच्या आदिपर्वात द्रुपदाने मांडली आहे. पांचाल देशाचा राजा पृषत हा भरद्वाजाचा स्नेही. त्याचा मुलगा द्रुपद आश्रमात येई, द्रोणाबरोबर खेळे आणि शिके. द्रोणाने पुढे भीष्माला सांगितलेल्या हकिकतीत आणखी एक तपशील येतो: आपल्याला अभिषेक झाला की राज्याचा उपभोग तूही घेशील, असे द्रुपद त्या वयात म्हणाला होता. वर्षे गेली. द्रुपद राजा झाला, द्रोण दरिद्रीच राहिला. श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडू लागला, तेव्हा इतर मुलांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिले आणि दूध प्यायला मिळाले म्हणून तो आनंदाने नाचला. बापाला ते पाहवले नाही. तो जुन्या मित्राच्या दारी गेला आणि आपण सखा आहोत, एवढी ओळख त्याने दिली.

द्रुपदाचे उत्तर क्रूर आहे, पण उथळ नाही. काळ माणसाला झिजवतो तसा स्नेहालाही झिजवतो, असे तो म्हणतो. तेव्हाची मैत्री तेव्हाच्या प्रयोजनापुरती होती. दरिद्री आणि धनवान, मूर्ख आणि विद्वान, भ्याड आणि शूर यांच्यात सख्य नसते. राजाचा मित्र राजाच. आजच्या भाषेत सांगायचे तर दोन माणसे एका वर्गात होती यावरून आज त्यांचे काही लागत नाही. ती तेव्हाची माणसे उरलेली नाहीत, आणि आजची दोन माणसे परस्परांना अनोळखी आहेत. स्नेहमेळाव्याला जाऊन हिरमुसून परतलेल्या कित्येकांना मनातून हेच वाटलेले असते. बोलायला विषय दहा मिनिटे पुरतो, त्यानंतर आठवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागतात.

ॲरिस्टॉटलने ही अडचण ओळखली होती. ‘निकोमाखियन एथिक्स’ या ग्रंथाच्या दहा भागांपैकी दोन भाग, आठवा आणि नववा, त्याने मैत्रीला दिले आहेत. उपयोगावर, सुखावर आणि सद्गुणावर आधारलेली अशी मैत्रीची तीन रूपे तो सांगतो. तरुणांची मैत्री बहुतांशी सुखाची असते आणि म्हणून लवकर बदलते, हेही तो मान्य करतो. दोघांमधले अंतर फार वाढले की मैत्री टिकत नाही, इथपर्यंत तो जवळजवळ द्रुपदाच्या बाजूने आहे. मग नवव्या भागात तो नेमका हाच प्रश्न घेतो: एक मित्र बुद्धीने मुलासारखाच राहिला आणि दुसरा पुष्कळ पुढे गेला, तर त्यांनी काय करावे? त्यांना मित्र म्हणता येणार नाही, कारण दोघांना आता एकाच गोष्टीत आनंद वाटत नाही. तरीही पुढे गेलेल्याने पहिल्याशी कधी ओळखच नव्हती असे वागू नये. फारच मोठी दुष्टता आड आली नसेल, तर जुन्या सहवासाचे स्मरण ठेवून परक्यापेक्षा त्याला काही अधिक द्यावे. द्रुपदाच्या युक्तिवादात जे राहून गेले ते इथे आहे. मैत्री संपली म्हणून ती होती हे खोटे ठरत नाही, आणि घडून गेलेल्या गोष्टीचेही माणसावर देणे असते.

द्रुपद चुकला, तसा द्रोणही चुकला, आणि त्याची चूक अधिक महाग पडली. अपमान मनात ठेवून तो हस्तिनापुरास गेला, कुरुकुमारांना शिकवले आणि गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणायला सांगितले. अर्जुनाने आणले. राजाचा मित्र राजाच असतो म्हणून अर्धे राज्य घेतो, असे म्हणून द्रोणाने गंगेच्या उत्तरेचा पांचाल घेतला आणि मैत्री पुन्हा मागितली. द्रुपदाने मान तुकवली आणि द्रोणाला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणाने द्रुपदाला मारले आणि त्याच दिवशी द्रुपदाच्या त्या पुत्राने, धृष्टद्युम्नाने, द्रोणाचे मस्तक उडवले. एका आश्रमात शिकलेल्या दोघांचा हा शेवट. एकाने जुने दिवस नाकारले, दुसऱ्याने त्यांची वसुली केली.

याच्या समोर भागवताच्या दशम स्कंधातले ८० आणि ८१ हे अध्याय ठेवून वाचले पाहिजेत. मराठी घरांत सुदाम्याची गोष्ट पोह्यांची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग त्यामुळे मागे पडतो. भागवतात त्या ब्राह्मणाला नावही नाही. सुदामा हे नाव नंतरच्या परंपरेने दिलेले. त्याची बायको उपाशी आहे, ती त्याला द्वारकेला जायला सांगते. पदरी काही पडेल या आशेपेक्षा मित्राचे दर्शन होईल म्हणून तो निघतो. नेण्यासारखे घरात काही नाही, तेव्हा बायको शेजारीपाजारी मागून चार मुठी पोहे एका फडक्यात बांधून देते.

कृष्ण त्याला दुरून पाहताच उठतो, मिठी मारतो, पलंगावर बसवतो, पाय धुतो. मग दोघे एकमेकांचे हात हातात घेऊन बोलू लागतात. या संभाषणाचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. कृष्ण पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न कोणत्याही स्नेहमेळाव्यातला असू शकेल: गुरूकडून परतल्यावर लग्न केलेस का, अनुरूप बायको मिळाली का? द्वारकेचा स्वामी स्वतःच्या वैभवाबद्दल एक शब्द बोलत नाही. तो मित्राच्या संसाराची चौकशी करतो. लगेच दुसरा प्रश्न येतो, सांदीपनींकडचे दिवस आठवतात का? आणि एका रात्रीची हकिकत निघते. गुरुपत्नीने लाकडे आणायला पाठवले होते. अवेळी वादळ आणि पाऊस आला, अंधार पडला, खाचखळगे पाण्याखाली गेले, दिशा कळेनात. दोघांनी एकमेकांचे हात धरून रानात रात्र काढली. सूर्य उगवल्यावर सांदीपनी शोधत आले आणि त्यांनी मुलांना आशीर्वाद दिला. त्या रात्री धरलेले हात आणि आज धरलेले हात भागवतकाराने एकाच प्रसंगात आणले आहेत. त्याच ग्रंथात आधी सांगितले आहे की कृष्णबलरामांनी अवंतीत चौसष्ट अहोरात्रांत चौसष्ट कला आत्मसात केल्या. म्हणजे एवढ्या नात्याला जेमतेम दोन महिन्यांचा सहवास पुरला. सहवास किती वर्षांचा होता हा हिशेब या नात्यात फारसा कामाचा नसतो. अंधारात कोण बरोबर होते, हा असतो.

पुढचे सर्वांना माहीत आहे. काय आणलेस म्हणून कृष्ण विचारतो, ब्राह्मण लाजून गप्प राहतो, कृष्ण फडके ओढून एक मूठ पोहे खातो, दुसरी घेताना रुक्मिणी हात धरते. पण ब्राह्मण काहीही मागत नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने निघतो आणि वाटेत त्याला वाईटही वाटत नाही. धनाने उन्मत्त होऊन मी त्याला विसरू नये म्हणूनच त्याने काही दिले नसावे, असे तो स्वतःला समजावतो. कृष्णही काय हवे असे विचारून त्याला संकोचात टाकत नाही. जे द्यायचे ते न बोलता आधीच घरी पोचवतो.

दोन्ही कथा एकत्र पाहिल्या की सहाध्यायाच्या नात्याचा धर्म उघड होतो. त्यात मागणाऱ्याला हक्क नाही, पण ऐकणाऱ्याला कर्तव्य आहे. कायद्यात हक्क आणि कर्तव्य जोडीने चालतात, म्हणून ही रचना चमत्कारिक वाटेल. मैत्रीत मात्र ती स्वाभाविक आहे. ॲरिस्टॉटलही दुसऱ्या वाटेने इथेच येतो. आपल्या सुखात मित्रांना तत्परतेने बोलवावे, दुःखात बोलवताना कचरावे. उलट मित्राच्या दुःखात न बोलावता धावून जावे, त्यातही ज्याने मदत मागितलेली नाही त्याच्याकडे आधी जावे, असे तो सांगतो. ग्रीक तत्त्वज्ञ आणि पुराणकार यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोघांनी एकच गोष्ट पाहिली, ही या मताला मोठी पुष्टी आहे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. स्मृतींनी ज्याला सहाध्यायी म्हटले तो द्विज पुरुष होता. स्त्रिया आणि शूद्र त्या गुरुकुलाबाहेर होते. ज्या ग्रंथाने सहाध्यायाला एक दिवसाचे सुतक दिले, त्याच ग्रंथाने बहुसंख्यांना सहाध्यायीच होऊ दिले नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले त्यामागे ही वंचना होती. त्यामुळे जात, गाव आणि सोयरीक यांच्या बाहेरचे नाते म्हणून सहाध्यायी हा महाराष्ट्रात आधुनिक शिक्षणाने जन्माला घातला, असेच म्हणावे लागते. तेही लगेच घडले नाही. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली ती त्या त्या समाजासाठी निराळी, कारण एका छपराखाली सर्वांना ठेवणे तेव्हा जमणारे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. तिथे मुले एकत्र राहिली, एकत्र राबली आणि एका पंक्तीत जेवली. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय दोन माणसे परस्परांना ओळखत नाहीत, अशी एक जुनी म्हण ॲरिस्टॉटलने मैत्रीच्या संदर्भात दिली आहे. साताऱ्यातल्या पंक्तीचे मोल त्या म्हणीने नीट कळते.

डॉ. आंबेडकर आणि नवल भथेना यांची मैत्री या नव्या नात्याचे उत्तम उदाहरण आहे. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दोघांची गाठ पडली. भथेना पारशी. मुंबईत त्या काळी ज्या दोन घरांचा एकमेकांशी संबंध येण्याची शक्यता नव्हती, त्यांतली ही दोन मुले परदेशी वसतिगृहात एकत्र आली. पुढे लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी आंबेडकरांना पैशांची गरज पडली तेव्हा भथेनांनी कर्ज दिले, आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली.

टिळक आणि आगरकर यांची कथा दुसऱ्या टोकाची. दोघेही १८५६ चे, डेक्कन कॉलेजात एकत्र आलेले. न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’, डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, हे सगळे दोघांनी मिळून केले आणि मग सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर कायमचे दुरावले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पुढची काही वर्षे एकमेकांवर जे लिहिले गेले ते आजही वाचवत नाही. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, तेव्हा त्यांना एकोणचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनी लिहिला आणि मतभेद बाजूला ठेवून मित्राच्या बुद्धीला, त्यागाला मान दिला. ॲरिस्टॉटलने सांगितलेले जुन्या सहवासाचे देणे फेडण्याचा मराठी इतिहासातला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे. फक्त तो फार उशिरा आला, आणि ज्याच्यासाठी लिहिले त्याला ते वाचता आले नाही. उतारवयातल्या माणसांनी यातून घ्यायचे ते हेच.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आणखी वेगळा होता. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदले आणि अनेक घरांत पाळण्यातले नावही बदले. हजेरीपटावरची मुलगी त्या नावाने जगातून नाहीशी होई; वर्गातल्या मैत्रिणींना तिचा पत्ता लागणे अशक्य होई. सासरी मैत्रीण ही चैन समजली जात असल्याने तिलाही शोध घेता येत नसे. म्हणून साठीनंतर एकत्र आलेल्या बायकांच्या मेळाव्यात माहेरच्या नावाने मारलेल्या हाकेला जे वजन असते, ते पुरुषांच्या मेळाव्यात सहसा येत नाही. चार दशकांत त्या नावाने हाक मारणारे कोणी उरलेले नसते.

आता ऐकण्याच्या रीतीविषयी. बरोबरीच्या माणसाची बातमी मत्सर जागा करते, ही या देवघेवीची खरी काळी बाजू आहे. अपरिचित श्रीमंताचा कोणी हेवा करत नाही. जो आपल्याच परीक्षेला बसला होता त्याचा करतो. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या पहिल्या पादातले तेहेतिसावे सूत्र याच जागी उपयोगी पडते. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्याविषयी उपेक्षा ठेवल्याने चित्त निर्मळ होते, असा त्याचा आशय. वाचस्पतिमिश्राने टीकेत प्रत्येक भावना कोणता मळ काढते हे सांगितले आहे, आणि सुखी माणसाविषयीची मैत्री ईर्ष्येचा मळ काढते असे म्हटले आहे. दुसऱ्याच्या दुःखाला सहानुभूती देणे तुलनेने सोपे असते. सुखाच्या बातमीला मैत्रीने सामोरे जाणे ही साधना आहे. वर्गमित्राच्या मुलाला मोठी नोकरी लागल्याची खबर आणि त्याच दिवशी स्वतःच्या मुलाची गेलेली नोकरी, या दोन गोष्टी एका घरात येतात. तिथे ज्याला मनापासून अभिनंदन करता येते, त्याने पतंजली वाचला नसला तरी आचरला आहे.

कळवणाऱ्याकडेही थोडे पाहिले पाहिजे. निम्म्या बातम्या बातम्या नसतातच, अशी तक्रार असते: रोजचे सुप्रभात, फुलांची चित्रे, जेवण झाले का. सिसेरो आणि ॲटिकस हे रोममधले शाळेपासूनचे सोबती. सिसेरोने ॲटिकसला लिहिलेल्या पत्रांचे सोळा खंड आजही वाचायला मिळतात. लिहिण्यासारखे काही नाही, तरी तुझ्याशी बोलल्यासारखे वाटते म्हणून लिहितो, असे सांगणारी पत्रे त्यांत आहेत. इसवी सनापूर्वी ४५ मध्ये मुलगी तुलिया गेल्यावर सिसेरो एकांतात राहिला आणि जवळजवळ रोज ॲटिकसला लिहीत राहिला. पुढच्याच वर्षी त्याने मैत्रीवरचा ग्रंथ लिहिला तो याच मित्राला अर्पण केला. दोघांचे तत्त्वज्ञान निराळे होते, राजकारणाविषयीची वृत्ती तर पूर्ण विरुद्ध होती. मजकूर नसलेल्या पत्राचाही एक मजकूर असतो: लिहिणारा अजून आहे. सत्तरीपुढच्या माणसाकडून आलेल्या कोणत्याही सुप्रभातात एवढी बातमी नक्की असते, आणि एखाद्या सकाळी ती आली नाही तर चौकशी करावी लागते.

मग मृत्यूच्या बातम्या येऊ लागतात. अमेरिकी डॉक्टर आणि कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स हा हार्वर्डच्या १८२९ च्या वर्गातला. हा वर्ग दरवर्षी जमे आणि १८५१ पासून १८८९ पर्यंत त्या बैठकांसाठी होम्स कविता लिहीत आला. १८५९ च्या कवितेत पन्नाशीला टेकलेल्या वर्गाला तो मुलेच म्हणतो. पुढच्या कवितांत गैरहजर असलेल्यांची संख्या वाढत जाते. एका वर्गाच्या ओसरण्याची एवढी सलग नोंद साहित्यात क्वचितच असेल. महाभारताच्या प्रचलित पाठात यक्षाने युधिष्ठिराला जे प्रश्न विचारले त्यांत वार्ता काय, हाही एक आहे. महामोहाच्या कढईत, सूर्याच्या अग्नीवर, रात्रंदिवसांचे सरपण घालून, महिने आणि ऋतूंच्या पळीने ढवळत काळ सर्व प्राण्यांना शिजवतो आहे, हीच वार्ता, असे युधिष्ठिर सांगतो. वर्गाची यादी हातात घेतलेल्या वृद्धाला हे उत्तर कोणाकडून समजून घ्यावे लागत नाही.

इथे विरक्तीचा आक्षेप उभा राहतो. वार्ता एवढीच असेल तर वानप्रस्थाच्या वयात जुने पाश पुन्हा का बांधावेत? आक्षेप गंभीर आहे, आणि ज्या परंपरेत तो सर्वांत जोरकसपणे मांडला गेला तिनेच त्याला उत्तरही दिले आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे राजगृहाजवळच्या दोन गावांतले बालमित्र. दोघांनी एकत्र घर सोडले, एकाच गुरूकडे, संजयाकडे, राहिले आणि ठरवले की अमृताची वाट ज्याला आधी सापडेल त्याने दुसऱ्याला कळवायचे. सारिपुत्ताला अस्सजी भिक्षूकडून ती कळली तेव्हा तो आधी मित्राकडे गेला, मग दोघे मिळून बुद्धाकडे गेले. बौद्ध परंपरेप्रमाणे सारिपुत्ताचा मृत्यू आधी झाला आणि पंधरवड्याने मोग्गल्लानाचा. बुद्धाने या दोघांना मैत्री तोडायला कधीच सांगितले नाही. कल्याणमित्र असणे हे अर्धे ब्रह्मचर्य आहे असे आनंद म्हणाला, तेव्हा ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे असे बुद्धाने त्याला दुरुस्त केले. आसक्ती मित्राला स्वतःपाशी धरून ठेवू पाहते. सापडलेले त्याच्यापर्यंत पोचवणे हे तिच्या उलट आहे.

प्रत्येक वर्गात काही जण कुठल्याच यादीत नसतात. कोणी परीक्षेत अडकून मध्येच गेला, कोणाचा धंदा बुडाला, कोणाचे मूल गेले, कोणाला स्मृतिभ्रंश झाला, कोणाकडे स्मार्टफोन नाही, कोणाला सांगण्यासारखे काही घडले नाही असे वाटते आणि म्हणून तो गप्प आहे. मेळाव्याची वर्गणी परवडत नाही हे कारण कोणीही तोंडाने सांगत नाही. द्रुपदाच्या दारी जाण्याचे धैर्य यांच्यात नसते आणि द्वारकेला धाडणारे घरी कोणी असेलच असे नाही. आतापर्यंत जे पाहिले त्यावरून कर्तव्य ऐकणाऱ्याचे आणि न बोलावता जाण्याचे आहे, म्हणून पुढचा मेळावा ठरवणाऱ्यांनी सभागृहाची नोंदणी करण्याआधी जुना हजेरीपट काढावा, मुलींची माहेरची नावे लावून पाहावी, ज्या नावांपुढे बरीच वर्षे काही लिहिलेले नाही त्यांच्या गावी कोणाला तरी पाठवावे, आणि जाणाऱ्याने तिथे पोचल्यावर स्वतःचे काही सांगण्याआधी त्याच्या घरची चौकशी करावी.